भातखाचरांतील वायूंचे अल्पव्ययी अनुमान : एका ग्रंथाची चिकित्सा, सरावली परिसराच्या संदर्भात

१

सरावली हे पालघर तालुक्यातील गाव. बोईसरचे रेल्वे स्थानक आणि तारापूरची औद्योगिक वसाहत ही त्याच्या निकट आहेत. कारखाने आणि भाताची खाचरे या परिसरात एकमेकांच्या शेजारी नांदतात. हरितगृहवायूंच्या मोजदादीचा विचार करणाऱ्या अभ्यासकास हा शेजार बोधप्रद वाटेल. कारखान्यात जळलेल्या कोळशाची पावती असते. त्या पावतीवरील वजनाला ठरावीक गुणकाने गुणले की कार्बन डायऑक्साइडचा बराच विश्वसनीय आकडा हाती येतो. खाचरातील चिखलातून वर येणारा मिथेन मात्र विकत घेतलेल्या कोणत्याही वस्तूच्या प्रमाणात नसतो. चिखलात प्राणवायू किती दिवस नव्हता, त्यात कोणते सेंद्रिय द्रव्य कुजत होते, जमिनीत क्षार किती होते, यांवर तो अवलंबून असतो. आणि त्याचा मोठा भाग भाताच्या रोपाच्याच पोकळ ऊतींतून हवेत जातो. त्याची पावती कोणीही देत नाही.

मग हा वायू मोजावा कसा, आणि तोही ज्या शेतकऱ्याची जमीन अर्धा हेक्टर आहे त्याच्या शेतात, परवडेल अशा खर्चात? या प्रश्नाला वाहिलेला एक महत्त्वाचा ग्रंथ २०१६ साली स्प्रिंगर या प्रकाशनसंस्थेने काढला. ‘मेथड्स फॉर मेझरिंग ग्रीनहाउस गॅस बॅलन्सेस अँड इव्हॅल्युएटिंग मिटिगेशन ऑप्शन्स इन स्मॉलहोल्डर अॅग्रिकल्चर’ असे त्याचे लांबलचक नाव आहे. रोझेनस्टॉक, रुफिनो, बुटरबाख-बाल, वोलेनबर्ग आणि रिचर्ड्स हे त्याचे संपादक होत. ग्रंथ सर्वांस विनामूल्य उपलब्ध आहे, हेही त्याच्या विषयाला साजेसेच झाले. प्रस्तुत लेखात या ग्रंथाची चिकित्सा करावयाची आहे. परंतु ती केवळ ग्रंथापुरती न ठेवता पालघर जिल्ह्यातील खाचरांच्या कसोटीवर करावी, असा हेतू आहे.

२

प्रथम, हा प्रश्न आपल्या दृष्टीने का महत्त्वाचा आहे ते पाहणे इष्ट होईल. १९९०च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजात भारतातील भातशेतीच्या नावे दरवर्षी ३७८ लाख टन मिथेन मांडला गेला होता. हा आकडा मुख्यतः अमेरिका व युरोप येथील शेतांवरील मोजमापांचा विस्तार करून काढलेला होता. १९९१ साली नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या पुढाकाराने, डॉ. आशेष प्रसाद मित्र यांच्या मार्गदर्शनाखाली, देशाच्या निरनिराळ्या भातप्रदेशांत मोजणीची मोहीम काढण्यात आली. तीत वापरलेले साधन साधेच होते : खाचरावर उपडी ठेवावयाची बंदिस्त पेटी, तीतून ठरावीक अंतराने पिचकारीने काढलेले हवेचे नमुने, आणि प्रयोगशाळेतील गॅस क्रोमॅटोग्राफ. निष्कर्ष आला तो सुमारे ४० लाख टनांचा. त्याची मर्यादा २७ ते ५४ लाख टन अशी होती. पहिला आकडा दुसऱ्याच्या नऊपटींहून अधिक होता. पुढे १९९४ या वर्षासाठी भारतीय शास्त्रज्ञांनी मांडलेला भातशेतीचा आकडाही ४१ लाख टनांच्या आसपास राहिला.

१९९१ सालीच अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्रातर्फे एक पुस्तिका प्रसिद्ध करून, गरीब देशांच्या वायूंचा हिशेब कोणत्या न्यायाने मांडला जातो, हा प्रश्न जगापुढे ठेवला. एक आकडा चुकला म्हणजे एका देशाच्या शेतकऱ्यांवर केवढा आरोप ठेवला जातो, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले. ही चूक महाग उपकरणे नव्हती म्हणून झाली नाही. एका प्रकारच्या शेताचा आकडा दुसऱ्या प्रकारच्या शेताला लावल्यामुळे ती झाली. प्रस्तुत ग्रंथाकडे पाहताना हा भेद ध्यानात ठेवावयास हवा.

३

ग्रंथाची दहा प्रकरणे आहेत. मोजणीसाठी प्रदेश कसा निवडावा, मातीतून निघणारे वायू कसे मोजावेत, रवंथ करणाऱ्या जनावरांचा मिथेन कसा अंदाजावा, झाडांतील व मातीतील कर्ब कसा मोजावा, पिकाचे उत्पन्न कसे ठरवावे, आणि एका तुकड्यावरील मोजमाप संपूर्ण शेतापर्यंत व प्रदेशापर्यंत कसे न्यावे, असा त्याचा क्रम आहे. प्रत्येक प्रकरणात अचूकता, विस्तार आणि खर्च यांची सांगड घालण्याचा प्रयत्न आहे. पद्धतींची स्तुती न करता प्रत्येकीचे दोष मांडण्याचा प्रामाणिकपणा संपादकांनी दाखविला आहे, आणि तो विशेष प्रशंसनीय होय.

मातीतील वायूंचे प्रकरण या ग्रंथाचा कणा आहे. त्यात सुचविलेली एक युक्ती अल्पव्ययी संशोधनास फार उपयोगी आहे. एकाच शेतात पाच पेट्या ठेवल्या आणि प्रत्येकीतून चार वेळा हवा घेतली, तर वीस नमुने होतात. त्याऐवजी प्रत्येक वेळी पाचही पेट्यांतील सारखी हवा एकाच कुपीत एकत्र केली, तर नमुने चारच उरतात. नमुन्यांच्या पृथक्करणाचा खर्च एक-पंचमांशावर येतो आणि शेताची सरासरी मात्र हातची जात नाही. येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. कोरडवाहू जमिनीत ही युक्ती जितकी निर्धास्तपणे वापरता येईल, तितकी चिखलात येणार नाही. निरीक्षकाचा पाय चिखलात पडला की साठलेले बुडबुडे एकदम वर येतात. एका पेटीत असा बुडबुडा शिरला, तर तो पाचही पेट्यांच्या मिश्रणात मिसळतो आणि दोष कोठे झाला हे पुढे ओळखता येत नाही. फळीवरून जाऊन नमुने घेणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे. परंतु तो न केल्यास स्वस्त पद्धत महाग पडेल.

गणकांविषयी संपादकांची भूमिकाही संयमाची आहे. कूल फार्म टूल किंवा अन्न व शेती संघटनेचे एक्स-अॅक्ट यांसारख्या गणकांत शेताची माहिती भरली की आकडा काही मिनिटांत मिळतो. याच ग्रंथाच्या एक संपादक मेरिल रिचर्ड्स व त्यांचे सहकारी यांनी २०१६ साली उष्ण कटिबंधातील शेतांवर गणकांचे अंदाज आणि प्रत्यक्ष मोजमापे यांची तुलना प्रसिद्ध केली. तीत दोहोंमध्ये मोठी तफावत आढळली. आकडा लवकर मिळतो म्हणून तो खरा असतो असे नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

४

ग्रंथाचे गुण मान्य केल्यानंतर त्यातील उणिवेकडे वळू. ग्रंथाचा भर वायू कसा मोजावा आणि मोजमापाचा विस्तार कसा करावा, यांवर आहे. शेताला कोणत्या वर्गात घालावे, हा प्रश्न त्यात येतो. परंतु नकाशे व पाहण्या यांच्या साह्याने सुटणारी पूर्वतयारी म्हणून येतो. भातशेतीच्या बाबतीत वर्गाचे नाव हेच सर्वांत मोठे मोजमाप आहे, असे माझे प्रतिपादन आहे. ते पुढील हिशेबाने तपासून पाहता येईल.

हवामानबदलाविषयीच्या आंतरशासकीय मंडळाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २०१९ सालच्या सुधारित मार्गदर्शिकेत दक्षिण आशियासाठी मूळ गुणक हेक्टरी दररोज ०.८५ किलो मिथेन असा दिला आहे. त्याला पाण्याच्या स्थितीचा गुणक लावावयाचा : सतत पाणी उभे असल्यास १, नेहमीच्या पावसावरील शेतास ०.५४, अवर्षणप्रवण शेतास ०.१६. लावणीपूर्वी शेत १८० दिवसांहून अधिक काळ कोरडे असल्यास आणखी ०.८९ ने गुणावयाचे. आता सरावलीसारख्या गावातील एकपिकी खाचर घेऊ. भात लावणीनंतर १०० दिवस शेतात राहिले आणि सेंद्रिय खत घातले नाही, असे मानू. ‘नेहमीचे पावसावरील’ असा शब्द निवडला तर हंगामाचा मिथेन हेक्टरी सुमारे ४१ किलो येतो; ‘अवर्षणप्रवण’ म्हटले तर १२ किलो; ‘सतत पाण्याखालील’ म्हटले तर ७६ किलो. शेत एकच, आकडे तीन, आणि त्यांत सहापटींचे अंतर. इतकेच नव्हे, तर याच मंडळाच्या २००६ सालच्या मार्गदर्शिकेतील गुणक घेतल्यास पहिला आकडा ४१ ऐवजी २५ वर येतो. भारतीय मोजमापांवरून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या गुणकांतही हेच दिसते. ओलिताच्या परंतु वारंवार निचरा होणाऱ्या शेताचा आकडा हेक्टरी सुमारे २० किलो आहे, तर पावसावरील पूरप्रवण शेताचा १९०.

मग कोकणातील खाचर कोणत्या वर्गात बसते? येथेच खरी अडचण आहे. ‘पावसावरील’ हे नाव पाणी कोठून आले ते सांगते. मिथेन निर्माण करणाऱ्या जंतूंना पाणी आभाळातून आले की कालव्यातून, याच्याशी कर्तव्य नसते. प्राणवायू किती दिवस नव्हता, एवढेच त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे. उत्तर कोकणात बांध घातलेल्या सखल खाचरात जुलैपासून सप्टेंबरपर्यंत पाणी बहुधा हटतच नाही. ते शेत नावाने पावसावरील असले, तरी वृत्तीने सतत पाण्याखालील आहे. त्याच गावातील उंचावरचे, निचऱ्याचे शेत पाऊस चार दिवस थांबला की भेगाळते. दोन्ही शेते एकाच वर्गात घातल्याने दोहोंचेही अनुमान चुकते, आणि अशा चुकीची दुरुस्ती पेट्यांची संख्या वाढवून होत नाही.

५

हा भेद शेतकऱ्यांना ठाऊक नाही असे मात्र नाही. ‘हळवे’, ‘निमगरवे’ आणि ‘गरवे’ हे भाताचे तीन भेद कोकणात रूढ आहेत. उंचावरील, लवकर सुकणाऱ्या जमिनीत हळवे भात लावतात, कारण ते चार महिन्यांच्या आत कापणीस येते. सखल, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत साडेचार महिन्यांच्या घरातील गरवे भात लावतात. म्हणजे वाणाच्या मुदतीचे हे शब्द वस्तुतः पाणी किती काळ टिकते याचाही हिशेब ठेवतात. तसेच ‘वरकस’ म्हणजे डोंगरउतारावरील नाचणी-वरीची जमीन. तिच्यात पाणी साठत नाही, म्हणून मिथेनच्या हिशेबातून ती जवळजवळ वगळता येते. समुद्रकाठच्या ‘खार’ जमिनींत सल्फेटचे प्रमाण अधिक असते; सल्फेटवर जगणारे जंतू मिथेनजनक जंतूंचे अन्न हिरावून घेतात, आणि मिथेन कमी होतो. आयपीसीसीच्या पहिल्या पायरीच्या हिशेबात या क्षारतेला स्थान नाही. कोकणच्या भाषेत मात्र तिच्यासाठी शब्द आहे.

संपूर्ण गावाची शेते या शब्दांनुसार वर्गवारीत बसविण्यास एक वही आणि काही दिवसांची पायपीट पुरते. या दृष्टीने पाहता शेतकऱ्याची परिभाषा हेच सर्वांत स्वस्त मोजणीचे साधन ठरण्याचा संभव आहे. ग्रंथातील पुष्कळ उदाहरणे केनियातील असल्याने भाताचा हा विशेष तेथे ठळकपणे येऊ शकला नाही, हे समजण्यासारखे आहे. तथापि, भातप्रदेशातील अभ्यासकाने तो ग्रंथ जसाच्या तसा उचलणे समर्थनीय होणार नाही.

अर्थात, शब्दांवर आंधळा विश्वास ठेवणे हाही दोषच होय. सुधारित व संकरित बियाणे आल्यापासून सखल जमिनीतही कमी मुदतीचे भात लावले जाते, म्हणून प्रश्न बियाण्याविषयी न विचारता जमिनीविषयी विचारला पाहिजे : ‘या खाचरात पूर्वी कोणते भात लावीत?’ पालघर व डहाणू तालुक्यांत सूर्या प्रकल्पाच्या कालव्याचे पाणी जेथे पोचते, तेथे उन्हाळी भातही होते. अशा शेतात दोन पिकांमधील कोरडा काळ १८० दिवसांपेक्षा कमी राहतो आणि ०.८९ हा गुणक लागू पडत नाही. म्हणून शब्दांची पडताळणी प्रत्यक्ष पाण्यावरून करावयास हवी. छिद्रे पाडलेली एक नळी खाचरात पुरून तीत पाण्याची पातळी दर तिसऱ्या दिवशी पाहिली, तर जमिनीखाली पाणी किती उतरले हेही कळते. शेतातील पाणी सलग तीन दिवसांहून अधिक हटले की नाही, यावर मार्गदर्शिकेतील निचऱ्याचा वर्ग अवलंबून असतो. आणि हे या नळीवरून बऱ्याच अंशी सांगता येते.

६

अल्पव्ययी मोजणीचा आणखी एक नियम येथे सांगितला पाहिजे : पैसा प्रथम तेथे खर्चावा, जेथे अनिश्चितता अधिक आहे. अर्धा हेक्टर खाचर आणि एक बैलजोडी असलेले कुटुंब घेऊ. वरील हिशेबानुसार त्याच्या भाताचा मिथेन हंगामास ६ ते ३८ किलो यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. आयपीसीसीच्या २००६ सालच्या तक्त्यात भारतीय उपखंडातील दुभत्या गाईंखेरीज इतर गुरांसाठी प्रतिजनावर वर्षाला २७ किलो मिथेन धरला आहे. जोडीचे ५४ किलो झाले. आणि त्या गुणकाची अनिश्चितता निदान ३० टक्के मानली असल्याने मर्यादा ३८ ते ७० किलो येते. बैलांचा आकडा मोठा आहे, परंतु अनिश्चिततेची रुंदी दोन्हीकडे सुमारे ३२ किलोच आहे. भाताकडील रुंदी नळीने आणि वहीने कमी होते. बैलांकडील रुंदी कमी करण्यास शिंप्याचा फीतपट्टा हा प्रारंभ म्हणून चालेल, कारण छातीच्या घेरावरून जनावराचे वजन आणि वजनावरून त्याचा चारा अंदाजता येतो. केवळ भाताकडे पाहणारा अभ्यास अशा कुटुंबाविषयी अर्धेच सत्य सांगेल.

सेंद्रिय खताचेही असेच आहे. मार्गदर्शिकेप्रमाणे हेक्टरी ५ टन शेणखत घातल्यास मिथेन सुमारे दीडपट होतो. परंतु शेतकरी खत टनांत मोजत नाही, गाड्यांत किंवा पाट्यांत मोजतो. गावातील एक गाडी एकदा काट्यावर तोलून घेतली, तर संपूर्ण गावाची माहिती टनांत येऊ शकेल. याउलट रासायनिक खताचा हिशेब सोपा आहे. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नत्र असते आणि तिची पावतीही असते. तेथे अनिश्चितता आहे ती नत्राच्या वजनात नाही. त्याचा किती अंश नायट्रस ऑक्साइड होतो, यात ती आहे. शेत अधूनमधून सुकविल्याने मिथेन घटतो, पण नायट्रस ऑक्साइडचा अंश वाढतो : २०१९च्या मार्गदर्शिकेत सतत पाण्याखालील भातास नत्राच्या ०.३ टक्के, तर निचरा होणाऱ्या भातास ०.५ टक्के. एकच वायू मोजून ‘उत्सर्जन घटले’ असा निर्णय देणे म्हणूनच अयोग्य होय.

राबाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. भाताची रोपे तयार करण्यासाठी शेण, पालापाचोळा, ऐनासारख्या झाडांच्या फांद्या आणि गवत यांचे थर जमिनीवर रचून पावसाळ्यापूर्वी जाळण्याची पद्धत ठाणे-पालघरच्या भागात जुनी आहे. मार्गदर्शिकेत पिकांचे अवशेष शेतात जाळण्यासाठी स्वतंत्र सदर आहे. परंतु राबात जळते ते बहुतांशी पिकाचे अवशेष नसतात, झाडाचा पाला आणि शेण असते. ते शेतीच्या खात्यात घालावे, जंगलाच्या, की शेणखताच्या? प्रत्येक खात्याचा गुणक निराळा. कोणत्याही तयार गणकात ‘राब’ या नावाचा रकाना नाही. म्हणून एक तर तो सर्वस्वी गळतो किंवा भलत्याच रकान्यात जातो. राब जाळण्यापूर्वी त्याचे थर वजन करून पाहणे हे कोणत्याही पदव्युत्तर विद्यार्थ्यास एका उन्हाळ्यात करता येण्याजोगे काम आहे.

७

या चिकित्सेचे सार थोडक्यात असे : प्रस्तुत ग्रंथ मोजणी स्वस्त कशी करावी हे उत्तम शिकवितो आणि विद्यार्थ्यांनी तो अवश्य अभ्यासावा. परंतु भातप्रदेशात तो वापरताना क्रम उलटा करणे हितावह होईल. प्रथम शेतकऱ्यांच्या शब्दांनी शेते वेगळी करावीत. मग नळीने पाण्याची आणि काट्याने खताची पडताळणी करावी. आणि सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांतून, प्रत्येक वर्गातील थोड्या शेतांवर पेट्या ठेवाव्यात. पेट्या प्रथम आणि वर्गवारी नंतर, असे केल्यास नमुने पुष्कळ जमतात, पण ते कोणत्या शेताचे प्रतिनिधित्व करतात हे सांगता येत नाही.

आज भाताच्या मिथेनची घट विकून त्याचा मोबदला शेतकऱ्यास देण्याच्या योजना देशात पुढे येत आहेत. त्यांत मूळ स्थिती कोणत्या शब्दाने नोंदविली जाते, यावर सारे अवलंबून राहील. पूर्वीच सुकणारे शेत ‘सतत पाण्याखालील’ असे नोंदविले, तर न झालेल्या घटीचे पैसे वाटले जातील आणि योजनेवरचा विश्वास उडेल. खरोखर पाण्याखाली असणारे खाचर ‘पावसावरील’ म्हणून नोंदविले, तर ज्याने कष्टाने पाणी काढले त्याच्या पदरी काहीच पडणार नाही. १९९१ साली जो अन्याय एका देशाच्या आकड्यात होता, तो आता एकेका खाचराच्या आकड्यात होण्याचा धोका आहे. तो टाळण्याचे काम पालघर, कर्जत व पनवेल येथील कृषिसंशोधन केंद्रांच्या आणि आपल्या विभागांच्या आवाक्यातले आहे. येत्या खरिपापूर्वी निदान एका गावाची खाचरवार वही तयार झाली, तर वरील प्रतिपादन खरे की खोटे, याचाही निर्णय करता येईल.